समोरून घेतलेली शर्यत

आमचा व्हिडिओ कॅमेरा दोन तुकड्यांत होता. आता हे सांगितलं की पोरं हसतात, पण ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत तो तसाच यायचा. चित्र घेणारा कॅमेरा एकाच्या खांद्यावर, आणि कॅसेट जिच्यात फिरते ती रेकॉर्डरची पेटी दुसऱ्याच्या खांद्याला पट्ट्यानं लटकवलेली. दोन्हींच्या मधे करंगळीएवढी जाड काळी केबल. कॅमेरा ह्यांच्या खांद्यावर असायचा आणि पेटी माझ्या.

ह्यांचा कोल्हापुरात फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या फोटोंवर आमचं घर चालायचं. मग लोक व्हिडिओ मागायला लागले तसा ह्यांनी मुंबईहून वापरलेला कॅमेरा आणला. पेटी उचलायला ठेवलेला गडी शिरोलीच्या फौंड्रीत लागला, आणि दुसरा मिळेपर्यंत म्हणून मी पट्टा गळ्यात अडकवला. दुसरा काही मिळाला नाही. पदर घट्ट खोचून मी ह्यांच्या मागं मागं मांडवात फिरायचे. बाप्ये टक लावून बघायचे. बायकांना मात्र बरं वाटायचं. नवरीच्या खोलीत कॅमेरा आला तरी बरोबर एक बाई आहे म्हटल्यावर कुणी दार लावून घ्यायचं नाही.

ह्यांचं शिकवणं कडक. सुरुवातीला एकदा लेन्सवर धूळ दिसली म्हणून मी पदरानं पुसायला गेले, तर ह्यांनी हातावर असा फटका मारला की बोटं सुजली.

"धूळ म्हणजे बारीक वाळूच की गं. पदरानं घासलीस की काचेला ओरखडा, आणि तो जन्मभर जात न्हाय. आधी फुग्यानं वारा मारायचा, मग मऊ ब्रश, आणि एवढं करून डाग राह्यला तरच कापड."

फुगा म्हणजे रबराचा, दाबला की वारा सोडणारा. मी म्हटलं, "सांगितलं ते बरोबर हाय. मारलं ते न्हाय. परत हात उचललात तर पेटी तुमची तुम्ही उचला." परत त्यांनी हात उचलला नाही.

बाकीचं मी मार न खाता शिकले. पेटीच्या आत जो चकचकीत ढोल फिरतो, त्याला स्पिरिट लावलेलं मऊ कातडं आडवंच फिरवायचं. उभं फिरवलं की त्यातलं, फितीवरचं चित्र वाचणारं नाजूक हेड तुटतं. केबल कोपराभोवती गुंडाळायची नाही, आतल्या तारा पिळतात. सैल वेटोळी घालायची. केबलच्या टोकाला फिरवून बसवायची कडी असते, ती घट्ट केल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, नाहीतर चालता चालता केबल निसटते आणि नवरा-नवरी हार घालतात तेच घ्यायचं राहून जातं.

कोडोलीच्या पुढच्या एका गावातल्या बागायतदाराच्या मुलीचं लग्न आम्ही घेतलं होतं. कॅसेट त्याला फार आवडली. उन्हाळ्यात त्यानं आपल्या माळावर बैलगाड्यांच्या शर्यती ठेवल्या आणि आम्हाला बोलावलं. आदल्या दिवशी हे जागा बघायला गेले ते चिडूनच परत आले. ह्यांना कॅमेरा निशाणाच्या रेषेवर, बाजूला लावायचा होता. बागायतदारानं मात्र रेषेच्या बऱ्याच मागं, धावपट्टीच्या बरोबर समोर एक मंच बांधला होता. त्यावर स्वतःच्या खुर्चीशेजारी कॅमेरा पाहिजे, गाड्या अंगावर येताना दिसल्या पाहिजेत, असा त्याचा हट्ट.

"समोरनं लांबचं भिंग लावलं की मागची गाडी आणि म्होरची गाडी एकाच जागी दिसतात," हे मला सांगत होते. "दोन गाड्यांत पाच हात अंतर असलं तरी कळायचं न्हाय. त्याला सांगून दमलो. म्हणतो, निकाल पंच देतील, तू नुसतं चित्र घे."

शर्यतीच्या दिवशी माळावर माणूस मावत नव्हतं. पहिल्या गटालाच मला कळलं की ही जागा लग्नाची नाही. गाडीवान उभे राहून आसूड ओढत होते. ज्यांच्याकडं पराणी होती, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी, ते ती बैलाच्या मांडीत खुपसत होते. बैलांच्या तोंडाला फेस आणि मांड्यांवरून रक्ताचे ओघळ. तिसऱ्या गटात एक गाडी उलटली. बैलांनी ती तशीच फरफटत आणली आणि गाडीवानाचा पाय चाकात अडकलेला. मंचापुढून जाताना त्याचं ओरडणं ऐकू आलं नाही, कारण लोकच जास्त ओरडत होते. हे फाइंडरला डोळा लावून घेत राहिले. फाइंडरमधलं चित्र काळं-पांढरं असायचं. नंतर म्हणाले, मला ते रक्त वाटलंच न्हाय, तेल वाटलं.

शेवटचा गट बक्षिसाचा होता. यजमान गावाची गाडी आणि शेजारच्या गावची गाडी. दोन्ही गावांत आधीपासूनच पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटली होती, असं मला शेजारी बसलेल्या बाईनं सांगितलं. गाड्या निघाल्या, लांब वळणावरून फिरल्या आणि आमच्याकडं तोंड करून आल्या. जवळजवळ एकाच रेषेत. शेजारगावच्या गाडीवानानं दुसऱ्याच्या तोंडावर आसूड मारला, त्यानं हातातली काठी ह्याच्या बरगडीत खुपसली, आणि तसेच दोघं रेषा ओलांडून मंचावर चढतात की काय असे आले. मी ह्यांच्या कमरेचा पट्टा धरून मागं ओढलं. बैल मंचाच्या खांबाला घासून गेले.

पंचानं यजमान गावाची गाडी पहिली सांगितली. शेजारगावची माणसं सरळ पंचावर धावली. त्याचा फेटा उडाला, कुणीतरी त्याला लाथ घातली. मग गर्दीतून एकजण ओरडला, "अरं, व्हिडिओवाल्याला इचारा की. त्यानं सगळं घेतलंय."

पंचाला सोडून सगळी माणसं मंचाकडं वळली. तोंडं दिसेनाशी झाली, नुसते खांदे आणि काठ्या.

"पावणं, दावा. कुणाची गाडी म्होरं हाय?" शेजारगावचा एक धिप्पाड माणूस मंचावर चढला. गाडी त्याच्या भावाची होती. पाठोपाठ यजमान गावाचा एक पैलवान चढला. बागायतदार खुर्चीतून उठून कधी खाली उतरला ते दिसलंच नाही.

हे म्हणाले, "समोरनं घेतलंय, दादा. समोरनं न्हाय कळत कोण म्होरं. मी काल मालकांना सांगितलं हुतं."

"मशीन खोटं बोलत न्हाय. तू बोलतोस," पैलवान म्हणाला आणि त्यानं ह्यांच्या कानशिलात दिली. हे पडले नाहीत, पण कॅमेरा खांद्यावरून घसरला तो मी केबलला धरून सावरला. ह्यांच्या कानातून रक्ताची बारीक रेघ आली.

"कॅसेट मागं घे," हे मला म्हणाले. मी बटण दाबलं. टीव्ही काही तिथं नव्हता. बघायचं तर फाइंडरमध्येच, एका वेळी एकानं, एक डोळा लावून. आधी पैलवानानं बघितलं. "आमची. सरळ दिसतीया," तो म्हणाला आणि खाली बघून हात वर केला. खाली त्याच्या गावानं आरोळी ठोकली.

मग धिप्पाड माणसानं रबराच्या वाटीला डोळा लावला. ह्यांनी कॅमेरा त्याच्यासाठी दोन्ही हातांनी धरला होता. मी परत कॅसेट चालवली. "आमची हाय की," तो हळूच म्हणाला. अगदी खुशीत म्हणाला, लहान पोरासारखा. "धाकट्या बैलाचं तोंड म्होरं हाय बघा."

त्याचा डोळा वाटीला असतानाच कुणीतरी मागून शिवळ घातली. शिवळ म्हणजे जोखडात बैलाच्या मानेशेजारी अडकवतात तो लाकडी दांडका. ती त्याच्या डोक्याच्या मागं बसली, आणि त्याचं तोंड सगळ्या वजनानं फाइंडरवर आपटलं. रबराची वाटी फाटून आतली लोखंडी कड त्याच्या भुवईखाली घुसली. तो कॅमेऱ्यासकट ह्यांच्या अंगावर आला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. मंच मोडला. मी खाली पडले ती पेटीवर, आणि पट्टा गळ्यात आवळला. पलीकडून कुणी कॅमेरा ओढत होतं, अलीकडून कुणी पेटी, आणि मधे केबल ताणलेली. हे ओरडत होते, "कडी फिरव, केबल काढ." पण मीच सकाळी कडी इतकी घट्ट केली होती की घामेजल्या हातानं हलेना. माझ्या गळ्याचं हाड मोडलं तेव्हा मला आवाज आधी आला आणि कळ नंतर. माझ्यावर वाकलेला माणूस पेटी सोडत नव्हता. दुसऱ्या हाताला जादा बॅटरीची पिशवी लागली. विटेसारखी जड बॅटरी. मी ती पिशवी त्याच्या तोंडावर घातली. परत घातली. त्याचे दात माझ्या पदरावर पडले. मला दया आली नाही, भीतीही वाटली नाही. एवढंच वाटलं की आता हा उठता कामा नये.

ह्यांना चौघं-पाच जण तुडवत होते. हे कॅमेऱ्यावर पालथे पडले होते म्हणून पाठीवर बसत होतं. शेवटी कुणीतरी त्यांचा उजवा हात धरून उलटा पिळला तेव्हा त्यांनी कॅमेरा सोडला, आणि ओढाओढीत केबलच तुटली.

माळाच्या कडेच्या वस्तीतल्या दोन बायकांनी मला काखेत धरून घरात नेलं. हे रांगतच आले. दार लावलं तोवर बाहेर माणसं जमली. "कॅसेट द्या, न्हायतर घर पेटवतो."

घरातली म्हातारी मला म्हणाली, "बाई, दिऊन टाक की. माझ्या छपरात कडबा हाय."

पेटी माझ्या गळ्यातच होती. पत्रा चेपल्यानं कॅसेटचं झाकण उघडेना. ह्यांनी डाव्या हातानं उलथणं घालून ते उचकटलं आणि कॅसेट खिडकीतून बाहेर फेकली. मग त्या कॅसेटवरून दोन गावं परत एकमेकांवर पडली. पोलीस आले तेव्हा आतली काळी फीत बाभळीवर, काठ्यांवर, माणसांच्या पायांत गुंडाळलेली होती. शर्यतीत ज्याचा पाय अडकला होता तो गाडीवान तिथंच झाडाखाली मेला. मारामारीच्या नादात त्याला कुणी दवाखान्यात नेलंच नव्हतं.

सरकारी दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर त्याची बायको बसली होती, प्रेतासाठी थांबलेली. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "माझा मालक बी आला असंल न्हवं तुमच्या चित्रात?" मी हो म्हटलं. चित्र आता नाही, हे तिला नर्सनं सांगितलं.

कॅमेरा पोलिसांनी परत दिला. लेन्सला काही झालं नव्हतं, पण तो पडला होता तसा दुपारभर सूर्याकडं तोंड करून पडला होता. त्या काळातल्या कॅमेऱ्यात चित्र धरणारी काचेची ट्यूब असायची. सूर्य तिच्यावर पडला की ती जळते, कॅमेरा बंद असला तरी, म्हणूनच काम नसताना टोपण लावायचं असतं. चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात कायमचा काळा डाग बसला. नवी ट्यूब परवडण्यासारखी नव्हती. त्या वर्षी आम्ही घेतलेल्या सगळ्या लग्नांत तो डाग आहे. जमेल तिथं आम्ही तो मांडवाच्या झालरीत लपवला.

ह्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना, आणि रक्त आलेल्या कानानं ऐकू येणं गेलं. मग कॅमेरा मी घेतला. गळ्याचं हाड वाकडं जुळलं होतं, त्यामुळं कॅमेरा तिथं खोबणीत बसल्यासारखा बसायचा. वारणानगरच्या कॉलनीतल्या एका लग्नात पहिल्यांदा एकटीनं घेतलं. वरातीत फटाके वाजले तशी मी कॅमेरा छातीशी धरून खालीच बसले. हे माझ्या चांगल्या बाजूला येऊन उभे राहिले.

वर्ष-दीड वर्षानं एसटी स्टँडवर तो धिप्पाड माणूस भेटला. एक डोळा पांढरा झालेला, भुवई तुटकी. मीच ओळख दिली नसती, पण त्यानं ओळखलं आणि गर्दीतून वाट काढत आला. माझा हात आपोआप गळ्याकडं गेला. ते बघून तो दोन पावलं मागंच थांबला.

"बाई, एक इचारू? खरं सांगायचं. कुणाची गाडी म्होरं हुती?"

"न्हाय सांगता येत, दादा. समोरनं घेतलं हुतं."

"मला दिसली हुती की," म्हणाला. "धाकट्याचं तोंड म्होरं हुतं." मग त्याची गाडी लागली आणि तो दांड्याला धरून, चाचपडत, वर चढला.