नाना बोलले ते मला कळलं होतं

वितळलेल्या लोखंडात स्पंज आयर्नची, म्हणजे सच्छिद्र कच्च्या लोखंडाची, गोळी टाकली की ती लगेच वितळते, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं होत नाही. गोळी थंड असते, म्हणून भोवतीचं पातळ लोखंड उलट तिच्यावरच गोठतं. शेंगदाण्यावर पाक चढतो ना, तसं. मग तो थर वितळतो आणि त्यानंतर गोळीची पाळी येते.

जळगावच्या कारखान्यात भट्टीशेजारी उभा राहून मी हे पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना समजावत होतो. गिऱ्हाईक बडं आणि मी दीडशहाणा इंजिनिअर. तेवढ्यात भट्टीवरचे सर्वांत जुने कामगार, नाना, मागून म्हणाले, "भाऊ, बठ्ठ्या गोया वल्या शेतस."

सगळ्या गोळ्या ओल्या आहेत, असं ते सांगत होते. वरची पाण्याची टाकी भरून वाहिली होती आणि पाणी गोळ्यांच्या ढिगात शिरलं होतं. मला शब्द न् शब्द कळला, कारण धुळ्याला आमच्या घरात हीच बोली. पण मी धुळ्याचा हे मी कारखान्यात कुणाला कळू दिलं नव्हतं. पाहुण्यांसमोर तर मला त्या बोलीची लाजच वाटली. मी हसून म्हणालो, "नाना, जरा मराठीत सांगा." पाहुणेही हसले. तेवढ्यावर न थांबता मी फावडेवाल्याला 'टाक' म्हणून हात केला.

पाणी लोखंडाखाली गेलं की क्षणात त्याची वाफ होते आणि ती वरचं लोखंड उडवते. धडाका झाला. नाना मला मागे ओढायला धावले होते. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मला साधा चटकाही बसला नाही.

मालकांनी विचारलं, "नानांनी सांगितलं नव्हतं का?"

नोकरी जाईल म्हणून माझी गाळण उडाली. म्हणालो, "काहीतरी बोलले, पण त्यांची बोली मला कळत नाही."

नीट सांगितलं नाही, हा दोष नानांच्या माथी बसला. हात बरा झाल्यावर त्यांना भट्टीऐवजी गेटवर बसवलं. उभा जन्म भट्टीवर काढलेला माणूस आता गाड्यांसाठी फाटक उघडतो. खरं सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही. इतका भेकड मी असेन असं वाटलं नव्हतं.

रोज सकाळी मला पाहिलं की नाना उठून उभे राहतात. मला खरंच कळत नाही असं समजून, माझ्यासाठी एकेक शब्द जुळवत, शुद्ध मराठीत विचारतात, "साहेब, आपण बरे आहात ना?"