न जोडलेल्या तारेवरचा आवाज

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. देवऋषी, उतारे हे सगळं बाबांनी धम्म घेतला तेव्हाच घराबाहेर गेलं. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते असं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात. कुरुंद्याजवळ एका ठेकेदाराकडे मी आणि दत्ता वायरमन होतो. पाण्याची मोटार गावाबाहेर नदीकाठच्या विहिरीवर. रोज तिथवर सायकल मारायला नको म्हणून मालकांनी नवीनच टूम काढली — मोटार ऑफिसातूनच चालू-बंद करायची, तारेवरून. मोटार चालली की ऑफिसात लाल दिवा लागणार, जास्त तापली की घंटी वाजणार. शिवाय बोलायला फोन.

दत्ता माझा जिवलग. त्याच्या घरी मला चुलीपाशी बसवून जेवू घालायचे. त्या काळात, आमच्या भागात, ही साधी गोष्ट नव्हती.

त्या दुपारी आम्ही दोघं विहिरीवरच्या खोलीत होतो. तार ऑफिसपर्यंत पोचलीच नव्हती. अर्ध्या वाटेवर खांबाला वेटोळं लटकत होतं. फोन बसवून झाला म्हणून मी सहज कानाला लावला. आतून दत्ताचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

"मालक, घंटी बंद हाय म्हणून मी किसनला बराबर सांगितलं होतं. त्यानंच मोटार चालू ठेवली."

किसन म्हणजे मीच, आणि ते नाव घेताना आवाज थोडा अडखळला. मी वळून पाहिलं. दत्ता समोर बसून दातांनी वायर सोलत होता. घंटी तर अजून खोक्यातच होती!

मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला, उन्हात डोकं तापलं म्हणाला, मला पाणी दिलं. त्यानेही फोन कानाला लावून पाहिला. काहीच नव्हतं.

पुढे तार जोडली, काम सुरळीत चाललं. उन्हाळ्यात एक दिवस मी मोटार चालू केली, ऑफिस दत्तावर सोपवलं आणि सामान आणायला वसमतला गेलो. परत आलो तर मोटार जळालेली. दत्ताने मला बाजूला घेऊन सांगितलं, घंटीच्या आवाजाने कान किटले म्हणून वायर त्यानेच काढून ठेवली होती. मी म्हटलं, दोघं मिळून मालकांना सांगू.

मालकांसमोर आधी तो बोलला. तेच शब्द. 'किसनला' म्हणताना तसाच थोडा अडखळला.

मी टेबलावरच्या फोनकडे बघत राहिलो. आमच्या वस्तीतला पगारी कामाला लागलेला मी पहिला होतो. ते काम गेलं.

काही दिवसांनी तो एसटी स्टँडवर भेटला. मी एवढंच विचारलं, "काहून केलंस, दत्ता?"

तो खाली बघत म्हणाला, "तू तर आधीच आयकलं होतंस ना... मंग सावध काहून न्हाई राहिलास?"

माझा पुतण्या इंजिनिअर आहे. तो म्हणतो, तारेत कधी कधी दुसरीकडचं बोलणं शिरतं. शिरत असेल. पण जे बोलणं अजून झालंच नव्हतं, ते कुठून शिरलं? आणि मी ते दत्ताला सांगितलंच नसतं, तर ऐन वेळी त्याला ते सुचलं असतं का?

पन्नास वर्षं होत आली. दत्ताही आता नाही. मला अजून उत्तर सापडलेलं नाही.