जाऊ देऊ का तुला?

दादाला हे माहीत नाही. त्याच्या लेकीला, सायलीला, तर नाहीच. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय — आणि कुठून सुरुवात करू, तेच कळत नाहीये.

घाटकोपरच्या एका शाळेत मी जन्मभर संस्कृत शिकवलं. त्यामुळे कुठल्याही मंत्राचा अर्थ अडला की घरात एकच — आत्याला विचारा. सायलीचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या दादाचा आनंद बघायला हवा होतात! एकुलती एक लेक. हॉल, जेवण, मालवणहून येणारी माणसं, सगळं वहिनीवर सोडून हा स्वयंपाकघरात कन्यादानाची ओंजळ धरायची तालीम करत होता.

हळदीच्या दिवशी सायली माझ्याजवळ येऊन बसली. गाल पिवळे, चेहरा मात्र गंभीर. "आत्या, खरं सांग हं. बाबा मला दान करणार? तसं असेल तर मी नाही बसणार. वस्तू आहे का मी?"

काय सांगणार होते मी? मंत्रात 'संप्रददे' आहे — देतो, देऊन टाकतो. 'दा' धातू किती मुलांकडून घोकून घेतलाय मी! पण आत दादा ओंजळीची तालीम करत होता ना...

"नाही गं," मी म्हटलं. "मूळ अर्थ वेगळाच आहे. बाप लेकीला विचारतो — जाऊ देऊ का तुला?"

इतकं सहज. जीभसुद्धा अडखळली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या हॉलमध्ये तिने दादाला सांगितलं, बाबा, आधी विचारा. दादा गडबडला. मग विचारलं त्याने, "जाऊ देऊ का तुला?" ती म्हणाली, "जाते. पण रविवारी जेवायला घरीच." गुरुजींसकट सगळा हॉल हसला, दादा रडता रडता हसला. इतकं सुंदर लग्न आमच्या घरात दुसरं झालं नाही.

मलाही आनंद झाला. अजून होतो. पण तिने मला खरं विचारलं होतं — हो की नाही? नको म्हणायचा तिचा हक्क मी गोड बोलून काढून घेतला.

आता तिचा मुलगा शाळेत जातो. परवा बोरिवलीला तिच्या मैत्रिणीचं लग्न होतं. कन्यादानाआधी त्या मुलीच्या वडिलांनीही लेकीला विचारलं. सायलीने माझा हात घट्ट धरला. "बघ ना आत्या, तुझा अर्थ!"

तेव्हा तरी बोलता आलं असतं.

"माझा कसला गं," मी म्हटलं, "शास्त्रातलाच आहे." आणि दोघी हसत जेवायला गेलो.