अमीराची तक्रार

शेंगा भाजल्याचा वास आला की मला रिसोडच्या कॉलेजातला एक तास आठवतो. खिडकीखाली कुणीतरी शेंगा भाजत होतं आणि सर नायजेरियातला इंग्रजांचा कारभार शिकवत होते. वर गव्हर्नर, खाली प्रांत सांभाळणारा इंग्रज रेसिडेंट, मग जिल्हा अधिकारी, आणि लोकांकडून कर वसूल करणारा तिथलाच राजा, म्हणजे अमीर.

माझ्या शेजारची शबाना उभी राहिली. "सर, अमीरानंच जुलूम केला तर कोनाले सांगाचं?"

"जिल्हा अधिकाऱ्याला."

"अन् तो काय करे?"

"अमीराला विचारायचा."

"मंग सांगून फायदा काय?"

वर्ग हसला. सर चिडले. "हे परीक्षेत येत नाही. बस खाली."

"आमच्या गावच्या रस्त्याचंबी असंच होऊन राह्यलं, सर. तक्रार केली का साहेब सरपंचालेच इचारते," ती म्हणाली आणि बसली. त्या पावसाळ्यात चिखलानं रस्ता बंद झाला आणि तिचं कॉलेज सुटलं ते सुटलंच.

तेव्हा मला फक्त सरांचा राग आला होता. आता तोच धडा मी शिकवते. पुस्तकात तिच्या प्रश्नाला अजूनही जागा नाही, म्हणून दरवर्षी तो मीच वर्गाला विचारते. मुलं वह्या उघडतात. मग एखादा विचारतो, "मॅडम, हे लिवून घ्याचं काय?"