खाटेखालची जागा

आज खाट सरकवून झाडलं, तर फरशीवर बरण्यांचे तीन जांभळट गोल दिसले.

आमचं घर दोन खोल्यांचं. यांना मात्र घरी जांभळाची वाईन करायचा नाद. मोठ्या काचेच्या बरण्या खाटेखाली, रबरी नळ्या खिडकीच्या गजाला, गाळायची फडकी माझ्या साड्यांच्या कपाटात. मी सारखी कुरकुरायचे, "माणसांनी राहायचं कुठे?" ते हसून म्हणायचे, "अगं, जरा सरकून राहू."

ते गेले त्याला चार महिने झाले. सगळं सामान मी त्यांच्या मित्राला देऊन टाकलं, कारण डोळ्यांसमोर बघवत नव्हतं. इतकी वर्षं जागा मागत राहिले, आणि मिळाली तेव्हा तिचं काय करायचं तेच कळेना.

दुपारी लेक राहायला आली. खाटेखाली बॅग ढकलत म्हणाली, "आई, किती जागा झाली गं इथे!"

"तिथे नको ठेवूस!" मी एकदम ओरडलेच.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने बॅग बाहेर ओढली आणि खोलीच्या मधोमध ठेवली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी त्या बॅगेला वळसा घालून वावरत होतो.