बशीच्या दोन फेऱ्या

एक पूर्ण फेरी झाली की वस्तू होती तशी होते, असं मला वाटायचं. तोंडी परीक्षेत माझा आवाजच फुटला नाही, म्हणून फिजिक्स सोडायचा अर्ज घेऊन मी मॅडमकडे गेले. त्यांनी चहाची बशी माझ्या तळहातावर ठेवली.

“न सांडता काखेखालून फिरव.”

एक फेरी झाली. बशी सरळ, पण हात पार पिळलेला.

“थांबू नकोस गं. त्याच दिशेने अजून एक, डोक्यावरून.”

हात सरळ झाला.

“इलेक्ट्रॉन असाच. स्वतःभोवती दोन फेऱ्या झाल्याशिवाय पूर्ववत होत नाही. त्याला आपण नापास करतो का?”

सगळं जग ज्यांच्यावर उभं आहे, त्या कणांनाही एक फेरी पुरत नाही. त्यांची घडणच तशी. मला केवढा आधार वाटला. अर्ज मी घडी करून परत ठेवला. पुढची तोंडी परीक्षा कधी, एवढंच मी विचारलं.