सातुर्निनोचा नैवेद्य

पावाच्या बाबतीत सातुर्निनो उस्तादाचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. उतावळेपणाच्या बाबतीतही नव्हतं. कुस्कोच्या खोऱ्यातल्या त्या गावी त्याला घरामागच्या परसात बेकरी बांधायची होती. नव्या भट्टीचा आराखडा त्याच्या डोक्यात, विटा दारात, आणि जुनी भट्टी घरातून कधी जाते याची वाट बघत बायको हिलारिया धुरात. पण आधी खड्डे खणून, खाली जुनंपुराणं काही नाही ना, हे बघायचा नियम. इंकांची एखादी भिंत निघाली, की बेकरी गेली बोंबलत!

खणायला येसेनिया आली. शिकलेली, हातात मोजपट्टी, म्हणजे गावाच्या लेखी इंजिनिअरबाईच. "मी पुरातत्त्ववाली" हे सांगणं तिने केव्हाच सोडलं होतं.

ती यायच्या आदल्याच दिवशी सातुर्निनोने पाचामामाला, आपल्या धरणीमातेला, नैवेद्य पुरला होता : कोकाची पानं, रंगीत गोळ्या, वर चिचा, म्हणजे मक्याची दारू. "आई, पोटात असेल ते झाकून ठेव गं."

येसेनियाने जागा साफ केली आणि थबकली. "ही माती कोणीतरी हलवलीये. खड्डा मोठा करावा लागेल."

"छे हो, इंजिनिअरबाई! ही माती जन्मापासून अशीच आहे."

खुरप्याच्या टोकाला लिंबाची गोळी आली. कागदासकट.

"उस्ताद, इंकांना लिंबाच्या गोळ्या आवडायच्या का हो?"

हिलारिया दारातूनच खिदळली. "देवीला लपवायला सांगितलं, आणि खूण स्वतःच करून आला!"

मोठ्या केलेल्या खड्ड्यात मातीचं मडकं लागलं. सातुर्निनो मटकन विटांवर बसला. येसेनियाने सावकाश ब्रश फिरवला. मडक्याखाली बिअरच्या बाटलीचं बूच निघालं.

"माझ्या बापाचा नैवेद्य," सातुर्निनो पुटपुटला. "परसाची भिंत घातली तेव्हाचा."

"मग सुटलात! एवढ्यातलं आम्ही जुनं धरत नाही. खाली नुसती कोरी माती आहे. बांधा बेकरी."

"धरत नाही म्हणजे? माझ्या बापाने वाहिलंय ते!"

"अहो, मी तुमच्याच बाजूने बोलतेय!"

"बाप इंका नव्हता म्हणून काय झालं?"

"बाई, आधी सही करा," हिलारिया म्हणाली, "नाहीतर हा स्वतःच बंदी आणेल!"

सही झाली. नव्या भट्टीच्या पायात मडकं परत ठेवलं. सातुर्निनोने चिचाचा पहिला घोट जमिनीला पाजला, दुसरा येसेनियाला.

"तुमच्यातलं कोणी हजार वर्षांनी येईलच," तो म्हणाला. "तेव्हा तरी हे जुनं धरा म्हणावं."

लिंबाची गोळी येसेनियाने स्वतःच मडक्याशेजारी ठेवली. कागदासकट.